चौकशी खिडकी

सकाळच्या चहाच्या सुट्टीत काकू मळक्या चादरींच्या ढकलगाडीमागे जाऊन उभ्या राहायच्या, एका कानात बोट घालायच्या आणि दुसऱ्या कानाला फोन लावायच्या. पाच-सहा बायकांना, एकीमागून एक. प्रत्येकीला एकच प्रश्न.

"काय गं, आज भाजी काय?"

उत्तर आलं की "हं" म्हणायच्या. कधी "कांदा घातलास का?" अशी एखादी पुरवणी जोडायच्या. मग "बरं, ठेवते" म्हणायच्या आणि खरंच ठेवायच्या. हवापाणी नाही, तब्येत नाही, मुलांचे मार्क नाहीत. एवढ्यासाठी कोणी फोन करतं का? काकू करायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, त्या दिवशी घरून.

त्या परक्या गावात मराठी घरं मोजकीच होती आणि त्यातली बरीचशी एकाच सहा मजली इमारतीत भरलेली होती. पुरुष कंपनीच्या करारावर आलेले, बायका पुरुषांच्या कागदांवर आलेल्या. काकू तेवढ्या निराळ्या. त्यांचे यजमान इथे आल्यावर तिसऱ्या वर्षीच वारले होते, आणि आता परत जातील, मग परत जातील असं सगळे म्हणत असताना त्या गेल्याच नाहीत. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत त्यांनी काम धरलं आणि पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत राहू लागल्या.

इमारतीतल्या पुरुषांनी त्यांचं नाव ठेवलं होतं चौकशी खिडकी. "स्टेशनवर असते ना, तशी," चौथ्या मजल्यावरचे एक थट्टेखोर गृहस्थ सांगायचे. "फरक इतकाच, तिथे आपण खिडकीला विचारतो, इथे खिडकीच आपल्याला विचारते." बायका हसायच्या. पण फोन वाजला की उचलायच्या.

तिसऱ्या मजल्यावर नवी राहायची. लग्न करून आली तेव्हा इमारतीत तीच सगळ्यांत नवी होती. तिच्यानंतर आणखी दोन-तीन घरं आली, पण नाव हिलाच चिकटलं ते चिकटलं. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली मुलगी; पण नवऱ्याच्या कागदांवर आलेल्या बाईला इथे नोकरी करता येत नव्हती. नवरा कामावर गेला की ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून खालच्या गाड्या बघायची. कोणती गाडी कोणाची, कोण कधी परत येतं, हे तिला पाठ झालं होतं. आणि नेमका तेव्हा तो फोन यायचा.

"हिला काय करायचंय माझ्या भाजीशी?" ती नवऱ्याला म्हणायची.

"उचलू नकोस."

"नाही उचलला तर पुन्हा लावतात."

"मग सांग, आज नवरा शिजवलाय."

एकदा वैतागून तिने खरंच तसं सांगितलं. पलीकडून क्षणाचाही वेळ न घेता काकू म्हणाल्या, "मग मीठ बेतानं घाल. बरं, ठेवते."

त्या दिवशी नवीला पहिल्यांदा त्यांच्याविषयी कुतूहल वाटलं. ही बाई इतक्यांना रोज फोन करते, पण कोणाच्या घरी जात नाही. कोणाचं कोणाला सांगत नाही. मग एवढ्या भाज्या गोळा करून करते काय? पुढच्या वेळी फोन आला तेव्हा नवी जरा जास्त बोलली. काकूंनी विचारलं, "वांगं नाही का गं करत कधी?"

"यांना चालत नाही. वाससुद्धा नको. घरात आणायचंच नाही म्हणतात."

"आणि तुला?"

"मला आवडतं. पण एकीसाठी कोण करत बसणार?"

"हं," काकू म्हणाल्या. "बरं, ठेवते."

तिसरं वर्ष संपत आलं होतं तेव्हा नवीचा नवरा कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे मायदेशी गेला. बॅग तिनेच भरून दिली. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला. मी आता तिकडे परत येणार नाही. इथे दुसरी नोकरी घेतली आहे. आपलं जमत नाही हे तुलाही माहीत आहे. महिनाअखेरचं तुझं तिकीट काढलंय, घरही तेव्हाच सोडायचंय. सध्या माझ्या आईबाबांकडे राहा, पुढचं मग बघू. बिल्डिंगमध्ये कुणाला बोलू नकोस, उगाच चर्चा नको.

नवीने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. रडू यायला हवं होतं, पण आधी आली ती शंका. ती उठली आणि कपाट उघडून पाहिलं. लग्नातला सूट नव्हता. चांगले बूट नव्हते. बॅग तर मी भरली, मग सूट कधी गेला? दोन आठवड्यांच्या कामाला लग्नातला सूट कशाला, हे त्या रिकाम्या हँगरकडे बघत ती कितीतरी वेळ विचारत राहिली. 'मग बघू' हा त्याचा लाडका शब्द होता. नळ गळतो, मग बघू. मला काहीतरी काम करायचंय, मग बघू. मूल, मग बघू. आता सगळंच त्या एका शब्दात जाऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"काय गं, आज भाजी काय?"

आदल्या दुपारपासून चूल पेटली नव्हती. "कोबी," नवी म्हणाली.

"हं. बरं, ठेवते."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोबी. तिसऱ्या दिवशीही. मधे एकदा नवी फ्लॉवर म्हणाली, पण ते कोबीचंच भावंड. प्रत्यक्षात ती चहात पाव बुडवून खात होती आणि वडिलांचा फोन आला की आवाज खाकरून "मजेत" म्हणत होती. तिकीट स्वयंपाकघराच्या ओट्यावर छापून ठेवलं होतं. जायचं की नाही हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिकीट आलंय म्हणजे जायचं. फक्त तोवर कोणाला कळता कामा नये.

मग एका संध्याकाळी ती पाव आणायला खाली गेली आणि दुकानात वांगी दिसली. लहान, काळपट जांभळी, देठाशी हिरवी. तिने एक हातात घेतलं. थंड होतं, तुकतुकीत होतं. मग आणखी तीन घेतली. घरी येऊन भरपूर दाण्याचं कूट घालून तिने भाजी केली, आणि खिडकीशी उभी राहून कढईतूनच खाल्ली. घरभर वांग्याचा वास भरला होता. कोणी खिडक्या उघड म्हणालं नाही. पोटभर जेवल्यावर आपल्याला बरं वाटतंय, याची तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

सकाळी फोन आला तेव्हा तोंडातून खरं तेच निघून गेलं.

"वांगं."

पलीकडे 'हं' आलंच नाही. नुसती मशीनची घरघर ऐकू येत राहिली.

"वांगं?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि 'ठेवते' न म्हणताच फोन ठेवला.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. काकू उभ्या होत्या, चपला हातात घेऊन, जिने चढून धाप लागलेल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. हॉलमध्ये न थांबता त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या स्टुलावर बसल्या. कढई पाहिली, ओटा पाहिला, खिडकी पाहिली. तिकीटही पाहिलं असेल.

"नवरा कुठाय?"

"ऑफिसच्या कामाला गेलेत. येतील पुढच्या आठवड्यात."

"असं. वांगं उरलंय का?"

नवीने वाटीत काढून दिलं. काकूंनी शांतपणे खाल्लं, वाटी निपटली. "छान झालंय. मीठ किंचित पुढे. येणार नाहीये ना तो?"

नवीचा हात ओट्यावरच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की. सकाळी."

"मी वांगं सांगितलं!"

"तेच म्हणते मी. ज्याला वास खपत नाही त्याच्या घरात वांगं शिजलं, म्हणजे तो दोन दिवसांत येणारा नाही, आणि आला तर आला अशी तुझीही गत झालेली."

नवी खाली फरशीवरच बसली. तिने विचारलं, "आणि आठवडाभर मी कोबी सांगत होते, तेव्हा?"

"कोबी म्हणजे काही शिजलं नाही," काकू म्हणाल्या. "सगळ्या कोबीच सांगतात गं. खोटी भाजी सांगायची वेळ आली की कोबीच कसा तोंडात येतो, देव जाणे. भेंडी कोणी म्हणत नाही. पण भांडण झालं की कोबी, ताप आला की कोबी, नुसता कंटाळा आला तरी कोबी. तेवढ्यासाठी जिने चढत बसले तर गुडघे राहतील का माझे? मी वाट बघते. वांगं म्हटल्यावर मात्र राहवलं नाही."

नवीने फोन पुढे केला. काकूंकडे चष्मा नव्हता. "तूच वाच," म्हणाल्या. नवीने मोठ्याने वाचला. 'पुढचं मग बघू'पाशी तिला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडं झालं. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही, उगी म्हटलं नाही. रडणं ओसरेपर्यंत त्या बसून राहिल्या, आणि मग विचारू लागल्या.

"विमानतळावर घ्यायला कोण येणार?"

"माहीत नाही."

"सासूकडे झोपणार कुठे?"

"हॉलमध्ये. दिवाणावर."

"घराची चावी मिळेल तुला?"

"चावी कशाला? कोणी ना कोणी घरात असतंच."

"आणि माहेरी?"

"दादाच्या दोनच खोल्या आहेत. वहिनीला दुसरं होणार आहे. बाबाच गॅलरीत झोपतात."

"वांगं?"

नवी नाक पुसत म्हणाली, "सासरी कोणीच खात नाही."

"हं. आणि इथे राहिलीस तर काय करशील?"

"इथे कशी राहणार काकू? कागद त्यांचे आहेत."

"कागदांचं कुठे विचारलं मी? सकाळी उठून काय करशील ते विचारलं."

तो प्रश्न नवीला आवडला. नवऱ्याने, वडिलांनी, सासूने, आजवर कोणीच तो विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिने स्वतःलाही विचारला नव्हता.

दाराशी काकू चपला पायात सरकवत म्हणाल्या, "सल्ला काही देत नाही हं मी. मला येतच नाही द्यायला. उद्या फोन करते."

दोन-तीन दिवसांनी त्यांनी भाजीनंतर एक वाक्य जादा टाकलं. "माझ्या जोडीदारणीचा खांदा गेलाय, ती काम सोडतेय. चादरीची दोन्ही टोकं मी एकटी कशी धरू? बघून तर जा."

नवी गेली ती निव्वळ बघायला. लाँड्री म्हणजे एक लांबच लांब शेड. एका टोकाला मळक्या चादरींचे डोंगर, मग माणूस मावेल एवढाली धुण्याची मशीनं, आणि मधोमध तो अजस्र तापलेला रूळ. काकू त्याला लाटणं म्हणायच्या. एका बाजूने ओली, पिळलेली चादर आत जायची आणि दुसऱ्या बाजूने पापडासारखी कडक, सपाट, चटका देणारी बाहेर यायची. तिथे दोघी-दोघी बायका उभ्या. दोघींनी टोकं धरायची, एकदा झटकायची, ताणायची, समोरासमोर चालत यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली लोंबती घडी उचलायची, पुन्हा मागे सरायचं. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. नवीला ते कसल्याशा नाचासारखं वाटलं. फक्त नाचणाऱ्यांच्या बोटांना फोड आलेले होते.

सुपरवायझर बाईंनी काकूंना विचारलं, हिला तुम्ही कशा ओळखता? काकूंना तिथली भाषा कामापुरतीच यायची. त्यांनी नवीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ही. तीन वर्षं. रोज भाजी." सुपरवायझर बाईंनी समजून मान हलवली. पुढे कितीतरी महिन्यांनी त्यांनी नवीला, तू तुझी भाजीची गाडी का बंद केलीस, असं आपुलकीने विचारलं, तेव्हा कुठे नवीला कळलं की आपल्याला कष्टाळू भाजीवाली म्हणून कामावर घेतलं होतं.

लाँड्रीने कामावर ठेवत असल्याचं पत्र दिलं. त्या पत्रावर स्वतःच्या नावाने राहण्याची परवानगी मागता येते असं कळलं. मग रांगा, फोटो, पुन्हा रांगा, आणि शेवटी एक पावती, जिच्यावर निर्णय लागेपर्यंत काम करता येत होतं. परवानगी मिळेल की नाही हे मात्र तिकिटाच्या तारखेपर्यंत कळणार नव्हतं. विमान सोडलं आणि कागद नाकारले गेले तर नवी ना इथली ना तिथली होणार होती. इमारतीत बातमी फुटायची ती फुटलीच. "एवढी शिकलेली पोरगी, आणि धुणी धुतेय," थट्टेखोर गृहस्थांची बायको जिन्यात म्हणाली. काकू मागूनच येत होत्या. "धुणी मशीन धुतं," त्या म्हणाल्या. "ही घड्या घालते. तुमच्याकडे आज काय, फरसबी ना?"

अंग मोडून दुखण्याच्या त्या दिवसांत, चादरींच्या येण्याजाण्यात, नवीने एकदा विचारलं, "काकू, हे भाजीचं तुम्ही सुरू कधी केलं?"

काकू टोकं घेऊन जवळ आल्या. "हे गेले ना, तेव्हा सगळे आले. आठवडाभर घर भरलेलं." मागे गेल्या. पुन्हा जवळ आल्या. "मग यायचे थांबले. जिन्यात भेटले की म्हणायचे, बऱ्या आहात ना? आता हा काय प्रश्न झाला? ही तर विनंती झाली, की बाई, नाही म्हणू नका. मी म्हणायची, हो हो." मागे. जवळ. "महिनाभर मी नुसती बिस्किटं खात होते. इथे कामाला लागले तर ती खांदा गेलेली जोडीदारीण. ना तिची भाषा मला, ना माझी तिला. पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडे बघून असं केलं." काकूंच्या हातात चादर होती, म्हणून त्यांनी नुसती हनुवटी उचलली आणि तोंड हलवून दाखवलं. जेवलीस? "मी मान हलवली, नाही. तिने आपला डबा उघडला. रोज विचारायची. मी तिला शब्द शिकवला, भाजी. मग रोज सकाळी, भाजी? भाजी?" काकू हसल्या. "तेव्हा वाटलं, रडू येईल असं विचारू नये, पण गप्पही बसू नये. काहीतरी मधलं विचारावं. टोक सोडलंस बघ."

नवीने खरंच टोक सोडलं होतं.

तिकिटाचा दिवस उजाडला. घर रिकामं करून चावी दिलेली होती. नवीची बॅग लाँड्रीच्या कपडे बदलायच्या खोलीत उभी होती. विमानतळाकडे न्यायची असो की काकूंच्या खोलीवर, बॅग तीच, भरलेलीही तशीच. विमानतळाची बस लाँड्रीसमोरच थांबायची. नवी सकाळपासून घड्या घालत होती आणि बाहेर ब्रेकचा आवाज आला की तिची घडी तिरकी होत होती. काकूंनी तिरक्या घड्या मुकाट्याने पुन्हा घातल्या. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत.

चहाची सुट्टी झाली. काकू ढकलगाडीमागे गेल्या, कानात बोट घातलं. नवीच्या खिशातला फोन वाजला.

"काय गं, आज भाजी काय?"

"काकू, मी इथेच आहे. दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसतेस. विचारलं ते सांग."

नवीने दाराकडे पाहिलं. बस थांबली होती. दोन माणसं चढत होती, एक बाई सामान वर ओढत होती.

"अजून ठरवलं नाही," नवी म्हणाली. "संध्याकाळी बाजारात गेल्यावर बघेन. फरसबी चांगली असली तर फरसबी."

"हं. बरं, ठेवते."

विमान उडालं तेव्हा ती कुठल्याशा हॉस्पिटलच्या हिरव्या चादरीचं टोक धरून उभी होती. कागद आले ते खूप नंतर, नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक होऊन. पण त्यावर नाव तिचं एकटीचं होतं. नवऱ्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं, ठीक आहे, मग बघू. या वेळी मात्र बघायला तिने काही शिल्लक ठेवलं नाही. पुढच्या सुट्टीत घरी जाऊन वडिलांना बरोबर घेतलं आणि रीतसर मोकळी होऊन आली.

मग वर्षं गेली, सरळ घड्या घालत. नवीने दोन थांब्यांवर एक खोली घेतली. वांगी इतकी केली की शेवटी तिला त्यांचा कंटाळा आला. काकूंचे फोन चालूच होते. जुनी घरं गेली, दुसरी आली, यादीतल्या बायका बदलल्या, प्रश्न तोच राहिला. काकूंचा मुलगा तिसऱ्याच देशात होता. तो रविवारी फोन करायचा. "बरी आहेस ना, आई?" "हो हो." काकूंना भाजी मात्र कोणी विचारत नव्हतं. चौकशीच्या खिडकीची चौकशी कोण करणार? नवीच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

एकदा काकू पोट बिघडलंय म्हणून चार दिवस घरी राहिल्या. फोन घरून येत होते. पाचव्या दिवशी चहाची सुट्टी होऊन गेली तरी नवीचा खिसा गप्प. ती ढकलगाडीमागे गेली, एका कानात बोट घातलं, आणि तसं करताना तिला स्वतःचंच नवल वाटलं.

फोन बराच वेळ वाजला.

"काकू, आज भाजी काय?"

"मी?"

"हो, तुम्ही."

मग अगदी सहज आवाजात, "कोबी."

नवीने एप्रनसुद्धा काढला नाही. धावत बस पकडली, काकूंच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे होतीच. काकू ओट्याखालच्या कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसल्या होत्या. मांडीवर फोन, चेहरा पांढराफटक.

"आलीस कशाला? कोबी केलाय म्हटलं ना."

"म्हणून तर आले."

काकूंनी डोळे मिटून मान हलवली. पकडलं गेल्यावर माणूस हलवतं तशी.

हॉस्पिटलमध्ये कळलं की दुखणं जुनं होतं आणि काकूंनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. काकूंनी अंगावरच्या चादरीचं टोक उलटून शिवणीवरची लाँड्रीची खूण पाहिली. "आपलीच आहे," म्हणाल्या, समाधानाने. मुलगा आला. इमारतीतल्या बायका आल्या आणि हात जुळवून पलंगाभोवती बसल्या. कोणी काही बोलेना. त्या गेल्यावर काकू नवीला म्हणाल्या, "या गप्प का असतात गं अशा? काही विचारत का नाही कोणी?"

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या गुंगीतच होत्या आणि आठवडा संपायच्या आत गेल्या. आई शेवटचं काय बोलली, असं मुलाने नवीला पुन्हा पुन्हा विचारलं. आपल्यासाठी काही निरोप असेल असं त्याला वाटत होतं. इमारतीतल्यांनीही विचारलं. नवीने जे होतं ते सांगितलं, पण ते कोणालाच शेवटचं बोलणं वाटलं नाही.

झालं होतं एवढंच. बायका गेल्यावर जेवणाची गाडी आली आणि नर्सने झाकलेलं ताट काकूंच्या पुढ्यात ठेवलं. नवीने उशी सारखी केली, काकूंना जरा वर बसवलं आणि विचारलं, "काय काकू, आज भाजी काय?"

काकूंनी झाकण उचललं, वाकून पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा हसला.

"अगं, खरंच कोबी आहे!"